खापरीची चव

१

हैदराबादेत अफझलगंजच्या मागच्या अंगाला, मुसी नदीकडे पाठ करून एक जुनी ड्योढी, म्हणजे नवाबी वाडा, उभी होती, आणि तिच्या तळमजल्यावर खात्याचं गोदाम होतं. खातं जुन्या वस्तूंचं. निजामाच्या मुलखात जिथं म्हणून कुणी शहाण्यानं जमीन खणली, तिथली खापरं, मणी, हाडं, विटा पोत्यांत भरून इथं यायच्या आणि इथंच पडून राहायच्या. पंचवीस वर्षं खात्याबाहेर त्यांची कुणी साधी चौकशी केली नाही. छप्पन सालच्या नोव्हेंबरात राज्याचे तीन तुकडे झाले आणि एकाएकी सगळ्यांना त्या पोत्यांचा पुळका आला. तेलंगण आंध्राला, मराठवाडा मुंबईला, कानडी मुलूख म्हैसूरला. माणसं वाटली, कपाटं वाटली, मग मातीतून निघालेलं तरी एकत्र कसं राहू द्यायचं! प्रत्येक पोत्याच्या तोंडाला सुतळीनं चिठ्ठी लागली.

या धांदलीत भिवाजी आपल्या कोपऱ्यात बसून खापरं जोडत होता. गडी परभणीकडचा. अठरा वर्षांपूर्वी एका खोदकामावर टोपली वाहायला लागला, आणि साहेबलोकांच्या ध्यानात आलं की याला खापरीची कड बघून तिची शेजारीण ओळखता येते. तेव्हापासून त्याला हैदराबादला आणून बसवलं ते बसवलंच.

आता ही जोडाजोडी कशी चालते ते आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. धुतलेली खापरी हातात घ्यायची, कडेवरून अंगठा फिरवायचा आणि जिभेला लावायची. हो, जिभेला! नाक मुरडू नका. या धंद्यातले भलेभले हेच करतात, फक्त चारचौघांत सांगत नाहीत. कच्ची भाजलेली खापरी जिभेला चिकटते, पक्की भाजलेली सुटून येते, दगड नुसताच थंड लागतो. एका भांड्याचे तुकडे जिभेला एकसारखे लागतात. भिवाजीनं अठरा वर्षांत इतकी खापरं चाखली होती की जेवण अळणी झालं तरी त्याला कळायचं नाही, असं त्याची बायको म्हणायची.

जानेवारीतल्या एका सकाळी एकनाथरावांनी एक फळ्यांची पेटी त्याच्यापुढं ठेवली. एकनाथराव म्हणजे गोदामाचे साहेब, विद्वान माणूस, स्वभावानं गरीब. तपकिरीचं भारी वेड. दिवसातून वीस वेळा चिमूट नाकात, त्यामुळं गुलाब आणि गटार त्यांना सारखंच.

"भिवाजी, हे संक्रांतीच्या आठवड्यात उभं राहिलं पाहिजे. ट्रक औरंगाबादला निघायच्या आत मला फोटो हवा. सुट्या खापऱ्या गेल्या तर पोत्यात जातील आणि पोत्यातच मरतील. अख्खं भांडं गेलं तर त्याला कपाट मिळेल."

पेटीत त्रेसष्ट खापऱ्या होत्या, गोदेच्या काठच्या एका पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, निघालेल्या. माती आपल्याकडची नव्हे. लालसर, मऊ, अभ्रक नसलेली. दोन कान होते, निमुळतं बूड होतं, आणि खांद्याच्या एका तुकड्यावर तांबड्या रंगात क्रूस काढलेला.

"हा कुंभ समुद्रापलीकडून आलाय," एकनाथराव चिमूट भरत म्हणाले. "दीड हजार वर्षांपूर्वी तिकडे येशूला मानणाऱ्या साधूंचे मठ होते. मठाला लागून द्राक्षांचे मळे. दगडात कोरलेले हौद सापडलेत त्यांचे, तळाला क्रूस. दहा-दहा जणांनी त्यात उतरायचं आणि अनवाणी पायांनी द्राक्षं तुडवायची. रस टाक्यात जायचा, मुरायचा, मग असल्या कुंभात भरून गलबतावर चढायचा. आत बघ, काळं दिसतंय ना? ती राळ. भांडं पाझरू नये म्हणून फासायचे. हीच आमची साक्ष. राळ आहे म्हणजे यात दारू होती, आणि क्रूस आहे म्हणजे ती त्यांनी केलेली होती."

"साधू दारू करायचे, साहेब?"

"करायचे आणि देवाचं नाव घेऊन प्यायचेही. त्यांच्या पूजेलाच लागते ती."

भिवाजीच्या हातातली खापरी हातातच राहिली. ऑक्टोबरात तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. लाखो माणसांत उभं राहून, सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून त्यानं जे जे म्हटलं होतं, त्यात मी दारू पिणार नाही हेही होतं. साहेबांना ते ठाऊक होतं. ते हसले.

"अरे, दीड हजार वर्षं झाली! माती आहे ती. मातीनं कुणाचा शब्द मोडत नाही."

ते खरंच होतं. साहेब गेल्यावर भिवाजीनं पहिली खापरी उचलली, अंगठा फिरवला आणि काळ्या बाजूनं जिभेला लावली. आधी माती लागली. मग राळेचा कडवटपणा. आणि त्याच्या मागून, हळूच, काहीतरी गोड. खापरी चिकटली नाही आणि सुटलीही नाही. ती ओली होती.

त्यानं ती उजेडात धरून बघितली. ठणठणीत कोरडी होती. आपलीच थुंकी, दुसरं काय, असं म्हणून त्यानं पुढची घेतली.

२

भिवाजीचं बिऱ्हाड बरकतपुऱ्यात, एका वकिलाच्या बंगल्यामागच्या खोलीत होतं. संध्याकाळी तो दारात आला की त्याची बायको सरुबाई चुलीपुढून उठायची, त्याच्यासमोर उभी राहायची आणि म्हणायची, "तोंड."

तो तोंड उघडायचा. ती वास घ्यायची. मग पाण्याचा तांब्या मिळायचा.

हे कुणाला अपमानाचं वाटेल. भिवाजीला वाटत नव्हतं. त्यानं ते कमावलेलं होतं. सेंदीची चटक त्याला हैदराबादनंच लावली. शिंदीच्या झाडाची ती पांढरी ताडी पोटात गेल्याशिवाय दिवस मावळायचा नाही. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तो लेकीला, जयवंताला, खांद्यावर घेऊन फिरायला निघाला आणि संध्याकाळी एकटाच घरी आला. पोर कुठंय विचारलं तर त्याला आठवेना. तीन वर्षांचं लेकरू काचीगुड्याच्या सेंदीखान्यात बाकाखाली झोपलेलं सापडलं, शेजारी भांडणं चाललेली, बाटल्या फुटलेल्या.  दुसऱ्या दिवशी सरुबाईनं पोरीला कडेवर घेतलं आणि मुदखेडला माहेरी निघून गेली.

नागपूरहून आल्यावर तो तिच्या दारात जाऊन बसला, तेव्हा ती परतली. पण अट घालून. पुन्हा एकदा जरी तोंडाला वास आला, तरी ती पोरीला घेऊन जाणार, आणि या खेपेला त्यानं मुदखेडची वाट धरायची नाही. डिसेंबरात बाबासाहेब गेले तेव्हा सगळी वस्ती धाय मोकलून रडली. त्या रात्री सरुबाई त्याच्याकडेच बघत होती, कारण त्याच्या दुःखाचा रस्ता पूर्वी सेंदीखान्यावरून जायचा. तो उंबऱ्यातून हलला नाही. तेव्हापासून तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला होता. संक्रांतीनंतर मुंबई राज्यात, औरंगाबादला जायचं, तिथं सरकारी खोली मिळणार, पोरीला शाळेत घालायचं, असली स्वप्नं बघणं तिनं चोरून सुरू केलं होतं.

त्या संध्याकाळी तिनं वास घेतला आणि ती थांबली.

"काय खाल्लं?"

"काय न्हाई. काहून?"

तिनं पुन्हा एकदा नाक जवळ आणलं. मग मान हलवली आणि तांब्या दिला. पण रात्री भाकरी वाढताना ती दोनदा त्याच्याकडे बघून गेली.

३

दुसऱ्या दिवशी भिवाजीनं ठरवलं, या भांड्याच्या बाबतीत जीभ वापरायची नाही. डोळे आहेत, अंगठा आहे, भागेल. वाळूच्या घमेल्यात बूड रोवलं आणि एकेक तुकडा लावून बघायला लागला. दोन दिवस गेले, एक जोड लागेना. कड कडेला मिळाली असं वाटायचं आणि शेवटी केसभर फट राहायची. अठरा वर्षांत असं झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशी वैतागून, साहेबांचा ट्रक डोळ्यांपुढं आणून, त्यानं नकळत एक खापरी जिभेवर ठेवली. ठेवल्यावर ध्यानात आलं. पण तीच खापरी जाऊन अशी बसली की सांधा दिसेना.

मग काय, चाखायची आणि लावायची. सवय ती सवय! मनाला समजवायला कारण तयारच होतं: ओली कड नीट बसते, यात जादू कसली? मनाचं काय, त्याला हवं ते कारण सापडतं.

त्याच दुपारी त्याला आवाज आला. शेजारच्या दालनातून यायचा. थप्, थप्, थप्. ओल्यावर ओलं पडावं तसा. आधी वाटलं, मागच्या गल्लीत कुणी धुणं आपटतंय. पण धुण्याचा ताल एकाचा असतो. हे बरेच जण होते आणि त्यांचा ताल एक नव्हता. मध्येच एखादा घसरायचा, मग सगळे थांबायचे, मग पुन्हा सुरू. बोलणं नाही, खोकणं नाही, नुसते पाय.

त्यानं खापरी खाली ठेवली. आवाज बंद झाला. खापरी उचलून जिभेला लावली, आवाज सुरू.

"क्या भिवाजी भाई, ऐसा कैकू बैठे?" दारातून खाजा मियाँनं विचारलं. हा गोदामाचा चौकीदार, पिकल्या दाढीचा, सगळ्या किल्ल्या कमरेला लावून हिंडायचा.

"मियाँ, बाजूके कमरे में कौन है?"

"कौन रहता? वो म्हैसूरवाला कमरा है. पिछले महीनेइच सामान गया उसका. चाबी मेरे पास है."

"पैरां का आवाज आता ना."

खाजा मियाँनं कान दिला. "मेरे कू तो कुछ नै आरा," तो म्हणाला, पण भिवाजीचं तोंड बघून त्यानं किल्ली काढली.

दालन रिकामं होतं. उंच खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आलेला. पेट्या गेल्यापासून साचलेली जमिनीभर धूळ. कुणी नव्हतं. भिवाजीला हायसं वाटलं, आणि मग त्यानं मधोमध बघितलं. तिथं चार हातांची चौकोनी जागा धुळीतून अगदी पुसून निघाली होती. चौकोनाच्या कडेला बोटांचे ठसे होते, उघड्या पायांचे. लहान, मोठे, एकावर एक. सगळे कडेपर्यंत येऊन आत वळलेले. चौकोनाबाहेर एकही नव्हता.

"हमालां के हैं," खाजा मियाँ म्हणाला.

हमालांचेच असणार. पण हमाल दारातून आले असतील आणि दारातूनच गेले असतील ना? दारापासून चौकोनापर्यंतची धूळ कुणी मोडली नव्हती. खाजा मियाँच्याही ते ध्यानात आलं असावं. त्यानं घाईनं कुलूप लावलं, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटला, आणि त्या दिवसापासून दुपारचा डबा तो रस्त्यापलीकडं जाऊन खायला लागला.

४

त्यानंतर चौथ्या दिवशी सरुबाईनं तांब्या दिलाच नाही.

"सरू, आईची आन. म्या थेंब पेला न्हाई."

"मंग वास काहून येतंय?"

तो तरी काय सांगणार? तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आता त्यालाही येत होता, स्वतःच्या श्वासाला. सेंदीसारखा आंबूस नव्हे. जड, गोड, जुना. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, जोड चिकटवायची लाख विरघळवायला स्पिरिट वापरतोस, त्याचाच असेल. तेव्हापासून त्यानं स्पिरिट बंद करून सरस घेतला होता. काही फरक पडला नव्हता. उलट, सकाळी उठल्यावर तोंड धुवावं तर चूळ काळपट पडायची.

त्यानं तिला सगळं सांगितलं. कुंभ, साधू, राळ, पाय. जयवंता भिंतीपाशी बाहुलीला चिंधी गुंडाळत ऐकत होती. सरुबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तो वेडा झालाय म्हणून नव्हे, तर पूर्वीही तो असंच सांगायचा, एकेक गोष्ट रचून, लेकराच्या शपथा घालून.

"दीड हजार वर्साच्या मडक्यानं पाजली तुमाला," ती म्हणाली. "अवो, निदान खोटं तरी चांगलं बोला."

"तू ये. उद्या डबा घेऊन गोदामात ये आन् त्या मडक्याचा वास घे. त्याला वास असला तर मह्यावर इस्वास ठिव. न्हाई तर जा."

 तिनं खाटेखालची पेटी ओढली आणि पोरीचे कपडे त्यात घालायला लागली. "येते," ती म्हणाली. "पर गाडी परवाची हाय, ध्यानात ठिवा."

भिवाजीला रात्रभर झोप लागली नाही. पण कुठंतरी एक आशाही होती. मडक्याला वास तर असणारच. इतका येतोय, तो दुसऱ्या कुठून येईल?

५

सरुबाई दुपारी बाराला आली. पोरीला वकिलाच्या बायकोजवळ ठेवून आली होती. तोवर भिवाजीनं शेवटची खापरी बसवली होती. कुंभ वाळूत उभा होता, कमरेइतका उंच, दोन्ही कान शाबूत. खांद्यावरचा क्रूस ताजा काढल्यासारखा दिसत होता. एकनाथराव फोटोवाल्याची वाट बघत तिथंच घुटमळत होते.

"या, या. बघा तुमच्या नवऱ्याची करामत," ते कौतुकानं म्हणाले. "असा हात मुंबईतही मिळणार नाही."

सरुबाईनं डबा खाली ठेवला, पदर सावरला आणि वाकून कुंभाच्या तोंडाशी नाक नेलं.  तिनं एकदा वास घेतला, दुसऱ्यांदा घेतला. मग सरळ उभी राहिली.

"माती हाय नुस्ती," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. दमलेली वाटत होती. भिवाजी धडपडत पुढं झाला आणि त्यानं स्वतः आत नाक खुपसलं. माती. धुतलेली, उन्हात वाळलेली साधी माती.

"अरे, पण..." एकनाथराव कुंभात डोकावले आणि त्यांनी चष्मा काढून पुन्हा घातला. "भिवाजी, राळ कुठं गेली?"

कुंभ आतून स्वच्छ होता. नव्या कौलासारखा लाल. गळ्यापासून बुडापर्यंत काळा ठिपका म्हणून नाही.

"घासलास की काय तू? अरे माणसा, तीच तर साक्ष होती! आता हे नुसतं मडकं झालं!" साहेब कधी नव्हे ते ओरडले, आणि त्यांच्या हातातली तपकिरीची डबी खाली पडली.

"साहेब, घासलं न्हाई. म्या फकस्त जिभेला..." भिवाजी बोलता बोलता थांबला.

सरुबाई त्याच्याकडे बघत होती. म्हणजे त्याच्या तोंडाकडे. तिनं त्याच्या दंडाला धरलं आणि ओढत दारात, उजेडात आणलं.

"तोंड," ती म्हणाली.

त्यानं तोंड उघडलं. या खेपेला तिनं वास घेतला नाही. हनुवटी धरून तिनं त्याचं डोकं मागं वाकवलं आणि आत बघितलं. तिच्या चेहऱ्यावरून रंग उतरताना त्याला दिसला. तिनं एक बोट आत घातलं, टाळूवर टेकवलं, आणि नखानं खरवडलं. त्याला काहीच लागलं नाही. टाळूला तिचं बोट जाणवलंच नाही, मध्ये काहीतरी होतं. नखाचा आवाज तेवढा कवटीत घुमला, रिकाम्या घागरीवर नख ओढल्यासारखा.

"काळं हाय," ती पुटपुटली. "वरपासून. घशात खाली उतरत गेलंय."

मग ती अशी काही वागली की एकनाथरावांनी नजर वळवली. भर दुपारी, परक्या माणसासमोर, तिनं नवऱ्याच्या छातीला कान लावला. भिवाजी हलला नाही. त्याला ते केव्हापासून ऐकू येत होतं. सकाळपासून आवाज शेजारच्या दालनातून येत नव्हता. तो कुठून येतोय याचा विचार त्यानं मुद्दाम केला नव्हता.

सरुबाईनं बराच वेळ कान लावून ठेवला. थप्, थप्. एखादा घसरायचा. सगळे थांबायचे. पुन्हा सुरू.

"किती जनं हायेत?" तिनं विचारलं.

"कुठं?"

"आत."

 ती हळूच मागं सरली, एक पाऊल, मग दुसरं. तिचे डोळे भरून आले होते.

"तुमी पेला न्हाई," ती म्हणाली. "खरंच पेला न्हाई. मह्यी चूक झाली."

अठरा वर्षांच्या संसारात एवढा विश्वास तिनं त्याच्यावर पहिल्यांदाच टाकला, आणि भिवाजीला वाटलं, न टाकती तर बरं झालं असतं.

६

जा, असं त्यानंच तिला सांगितलं. तिनं एकदा नाही म्हटलं, तेवढं पुरे होतं त्याला. पोरीला या श्वासात झोपवायचं नाही, तो म्हणाला. ती रात्र त्यानं बाहेर वकिलाच्या मोटारीच्या शेडमध्ये काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काचीगुड्याच्या फलाटावर तो दोघींपासून चार हात लांब उभा राहिला. तोंडावर रुमाल बांधला होता. जयवंताला वाटलं, बाबाचा दात दुखतोय. सरुबाईनं पेटी वर टाकली, पोरीला खिडकीपाशी बसवलं. औषधपाणी करा, दवाखान्यात जा, साहेबांना सोबत न्या, असं ती सांगत होती, आणि दोघांनाही माहीत होतं की असल्या दुखण्याचा दवाखाना नसतो.

"बरं वाटलं की कळवा," ती म्हणाली. "म्या येते. कुठं बी असला तरी येते."

त्यानं मान हलवली. तोंड उघडायची त्याची हिंमत नव्हती. पण रडू आवरेना. ऑक्टोबरापासून ज्या पोरीसाठी जीभ आवरली, ती डोळ्यांसमोर जात होती, आणि तिला घालवत होता तो स्वतः. शिट्टी झाली तसा तो न राहवून खिडकीपाशी गेला. नुसतं डोक्यावरून हात फिरवावा, एवढंच.

"रडू नगं ना बाबा," जयवंता म्हणाली. तिनं गजांतून हात काढला आणि रुमालाच्या वर, त्याचे दोन्ही गाल आपल्या तळहातानं पुसले. सरुबाई पेटी सरकवायला वाकली होती, तिनं ते बघितलं नाही. गाडीनं हिसका दिला. पोरीनं हात आत घेतला आणि, लेकरं घेतात तसं, ओलं बोट तोंडात घातलं.

"बाबा," ती खिडकीतून ओरडली, "गोड हाय!"

भिवाजी धावला. रुमाल फाडून काढला, सरूच्या नावानं ओरडला, हमालांना, हातगाड्यांना धडकत फलाट संपेपर्यंत धावला. गाडीचा वेग वाढला होता. त्या खिडकीत जयवंता आईला काहीतरी दाखवायला जीभ बाहेर काढून बसली होती, आणि सरुबाई तिची हनुवटी धरून, वाकून, आत बघत होती.